शेंदूर लावलेले गुडघे

सासू सुनेपुढे डोक्यावर पदर घेते, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि ती सून मी होते. पदर खरं तर माझ्यासाठी नव्हताच, माझ्या गुडघ्यांसाठी होता. हे कळायला मला दोन महिने लागले. यावरून मी किती हुशार मास्तरीण होते ते समजावं.

अठ्ठावन्न सालचा उन्हाळा होता. अमरावतीत दोन खोल्यांच्या घरात आम्ही तिघं राहत होतो: मी, माझा नवरा आणि त्याची आई. नवरा सरकारी कचेरीत कारकून होता. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, पण माझी नेमणूक कच्ची होती. ती पक्की व्हायची तर शाळा उघडायच्या आत सरकारी डॉक्टरांपुढे चालत जाऊन, उठून-बसून दाखवून तब्येतीचा दाखला आणायचा होता. माहेर आणि सासर दोन्ही धरून नोकरी करणारी पहिली बाई मीच. माझ्या वडिलांनी हे कौतुक गावभर सांगून ठेवलेलं. आणि मला तर पाटावरून उठायलाही दोन माणसं लागत होती.

सुरुवात हिवाळ्यात बोटांपासून झाली. सकाळी वेणी घालता येईना, खडू धरता येईना. दहा-साडेदहाला बोटं जरा मोकळी व्हायची, तोवर मी मुलांकडून पाढे म्हणवून घ्यायची. मग दोन्ही गुडघे सुजले. ते नुसते सुजले नाहीत, गोल झाले. वाटी हरवली, खळगे भरले आणि वर तुकतुकीत, गरम कातडं ताणलं गेलं. एका बाजूनं दाबलं की आतलं पाणी दुसऱ्या बाजूला सरकायचं. मला ते दाबून बघायची वाईट खोड लागली. पाय सरळ केला की आत कट् असा आवाज व्हायचा, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतका. डॉक्टर म्हणाले सांध्यांचा वात, आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी कानात दिवसभर शिट्ट्या वाजू लागल्या. गुडघे होते तसेच राहिले.

आता मागचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नवऱ्यानं नागपूरहून आल्या आल्या सांगितलं की घरात आता एकही देव राहणार नाही. सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, एका शब्दानं विरोध केला नाही. पंचशील त्यांनी माझ्याआधी पाठ केलं. पण त्यांच्या माहेराहून आलेली देवी होती, मूर्ती ठोकलेले चांदीचे चार टाक आणि एक तांदळा. तांदळा म्हणजे नाक-डोळे नसलेला गोल दगड. पिढ्यान् पिढ्या शेंदूर लावून लावून त्यावर बोटभर जाड थर चढलेला. हे सगळं वर्धा नदीत सोडायचं ठरलं. धामणगावला गाडीतून उतरून आम्ही दोघी बैलगाडीनं कौंडण्यपूरच्या अलीकडे त्यांच्या माहेरच्या काठावर गेलो. टोपलं त्यांच्या डोक्यावर होतं. पाण्याशी पोचल्यावर त्यांनी ते उतरवून माझ्या हातात दिलं.

"तू सोड," त्या म्हणाल्या. "मले थंडी वाजून राहिली."

मी साडी खोचली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन टाक सोडले, दगड सोडला. दगड बुडताना पाण्यावर थोडा लाल तवंग आला आणि माझ्या गुडघ्यांभोवती फिरून पुढे गेला. मला काही वाटलं नाही. उलट काम झाल्याचं बरं वाटलं. वळून पाहिलं तर आत्याबाई काठावर माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

त्यानंतर वर्षभरानं गुडघे सुजले. मी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला नाही. मला शास्त्र शिकवायला होतं, त्यात असं काही नव्हतं.

आत्याबाईंनी लेप लावायला सुरुवात केली तेव्हा मला त्यांची मायाच दिसली, आणि ती होतीही. नवरा कचेरीत गेला, जेवणं उरकली, बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन चढलं की त्या दार लोटून घ्यायच्या. कुडाच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात सहाणेवर काहीतरी उगाळायच्या, त्यात तेल घालायच्या. मग माझ्या पायाशी पाट न घेता जमिनीवर बसायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या आणि दोन्ही हातांनी गुडघ्यांवर तो लेप चढवायच्या. बोटं वरून खाली, मग गोल, मग वरून खाली. ओठ हलत असायचे. मी भिंतीला टेकून डोळे मिटून पडलेली. कधी "माय" एवढं ऐकू यायचं, कधी "ये". मला वाटायचं, कण्हतायत बिचाऱ्या, त्यांचंही वय झालं.

लेपाचा रंग लाल होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "झाडपाला हाय, रंग येते त्याले." त्याला वास मात्र झाडपाल्याचा नव्हता. तो वास मी कुठेतरी घेतलेला होता, पण कुठे ते आठवेना. नवरा यायच्या आत त्या ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकायच्या. तरी रंग रोज थोडा राहायचा. महिन्याभरात माझे गुडघे मुळात तसेच असावेत असे शेंदरी दिसायला लागले.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी ती सोडून दिली. आत्याबाई माझ्या पायांवरून ओलांडून जात नव्हत्या. खोली एवढीशी, मी पाय पसरून बसलेली, तरी त्या पाठीमागून वळसा घालून चुलीकडे जायच्या. हातात कितीही गरम भांडं असलं तरी तसंच.

मग एका मंगळवारी दुपारी त्यांची मावसबहीण आली, गावाकडची. माझी तब्येत पाहायला आली असं म्हणाली. ओच्यातून लिंबू काढून तिनं माझ्या पायाशी ठेवलं. मला वाटलं सरबतासाठी आणलं. मग ती वाकली. सूज जवळून बघतेय असं वाटेपर्यंत वाकली, आणि तिचं कपाळ माझ्या उजव्या गुडघ्याला लागलं. कपाळ थंड होतं, गुडघा गरम. ती तशीच राहून हळू आवाजात बोलली, माझ्याशी नव्हे.

"सात महिने झाले, पोराचं पत्र नाई. अकोल्याले गिरणीत गेलथा. हाय का नाई, तेवढं सांग."

मी दचकून पाय मागे ओढला. गुडघा वाजला: कट्.

ती उठून बसली. तिचं तोंड उजळलं होतं. "हाय," ती आत्याबाईंना म्हणाली. "आयकलं ना तू? हाय म्हनते."

तेव्हा मला वास ओळखता आला. तो शेंदराचा होता.

मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. मास्तरणीला शोभणारं त्यात थोडंच होतं. मी बाई आहे, देवीचा ओटा नाही, हे मात्र ठणकावून सांगितलं. मावसबहीण लिंबू तिथंच ठेवून निघून गेली. आत्याबाई खाली मान घालून ऐकत होत्या. शेवटी मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही देवीला माझ्या गुडघ्यात बसवलंत?"

"मी नाई बसवलं," त्या म्हणाल्या. "थे आपसूक आली. नदीत तू गुडघ्यावरोक्त गेलथी. तेवढ्यातच बसली."

त्यांनी हे ज्या सहजपणानं सांगितलं, त्याचीच मला भीती वाटली. भाजीत मीठ जास्त झालं हे त्या असंच सांगायच्या. मी नवऱ्याला सांगेन म्हटलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा या बाबतीत कडक होता. आईनं देवीचं नाव काढलं हे कळलं असतं तर त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं असतं. मी सांगितलं नाही. लेप मात्र बंद करायला लावला.

पुढच्या मंगळवारी निरोप आला की मावसबहिणीचा मुलगा घरी आला. पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन, धडधाकट. गिरणीतून माणसं कमी केली होती म्हणून आला, यात नवल काहीच नव्हतं. मी स्वतःला हे दिवसातून चार वेळा समजावत होते, म्हणजे बघा.

आणि आता जे सांगते ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. एका दुपारी आत्याबाई पाणी आणायला गेल्या होत्या. घरात मी एकटी. बाहेर चिटपाखरू नव्हतं. मी माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघत बसले होते. त्यावरचा शेंदरी रंग अजून गेलेला नव्हता. तो गोल, तुकतुकीत, नाक-डोळे नसलेला होता आणि तो माझा वाटेना. मी, शास्त्र शिकवणारी बाई, त्याला विचारलं, "मला दाखला मिळेल का?" आणि पाय जरा लांब केला. कट् झालं. कट् म्हणजे हो की नाही, हे त्या मावसबहिणीला विचारून ठेवायला हवं होतं, असं मनात येऊन मला हसू आलं. मी हसत असतानाच तो पुन्हा वाजला. या वेळी मी पाय हलवला नव्हता.

हसणं जागच्या जागी थांबलं. आत्याबाई पाणी घेऊन येईपर्यंत मी त्या पायावर चादर टाकून बसले. उकाड्यानं जीव जात होता, तरी चादर काढली नाही.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं कचेरीतून बातमी आणली. अकोल्याला एक डॉक्टर मुंबईहून नवीन औषध शिकून आले होते. ते औषध पोटात घ्यायचं नसतं, दंडातही नाही, थेट सांध्यात सुईनं घालतात आणि सूज उतरते. शाळा उघडायला महिनाभर उरला होता. मी म्हटलं, उद्याच जाऊ. आत्याबाईंनी चुलीवरची नजर वर केली.

"गुडघ्यात सुई?" त्या म्हणाल्या. "आतमंदी?"

"आत," नवरा म्हणाला. "पाणी काढून टाकतात."

"मंग मी येतो," आत्याबाई म्हणाल्या.

बडनेऱ्याला गाडी बदलताना दोघांनी मला दोन्ही बाजूंनी धरून पूल चढवला. आत्याबाई एकेक पायरीवर थांबून माझ्या गुडघ्यांकडे बघत होत्या, तान्हं मूल उन्हातून नेताना बघतात तसं. अकोल्याला डॉक्टरांच्या खोलीत मला उंच टेबलावर झोपवलं. डॉक्टर तरुण होते, चष्मा लावलेले, बोलायला तोडून. त्यांनी साडी गुडघ्यांवर सरकवली आणि थांबले.

"हे काय लावलंय?"

नवरा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "झाडपाल्याचा लेप."

त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा नारिंगी झाला. दुसरा घेतला, तोही झाला. "सुई जाते तिथून जंतू आत गेला तर सांधा कायमचा जातो, कळतंय का? साबणानं घासून आणा. पांढरं दिसलं पाहिजे."

मोरीपाशी स्टूल ठेवलं होतं. आत्याबाईंनी माझ्या हातातला साबण घेतला आणि स्वतः घासायला लागल्या. लाल पाणी मोरीतून जात होतं. त्या तोंड घट्ट मिटून रडत होत्या, आवाज न करता, आणि घासत होत्या. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना थांबवावंसंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. गुडघे पांढरे झाले तेव्हा त्यांची बोटं लाल झाली होती.

डॉक्टरांनी आयोडीन लावलं, आधी बारीक सुईनं कातडी बधिर केली, मग जाड सुई वाटीच्या कडेनं आत घातली. दुखलं नाही असं म्हणणार नाही. पण दुखण्यापेक्षा, आत काहीतरी बाजूला सरून सुईला वाट देतंय असं जे वाटलं ते जास्त वाईट होतं. काचेच्या सिरिंजमध्ये पिवळं, गढूळ पाणी चढू लागलं. एक सिरिंज भरली, ती एनॅमलच्या भांड्यात रिकामी केली, पुन्हा भरली. सुई गुडघ्यात तशीच उभी होती आणि गुडघा माझ्या डोळ्यांदेखत खाली बसत होता. मग दुसरी सिरिंज आली, औषधाची. ते औषध दुधासारखं पांढरं होतं. डॉक्टरांनी ते हळूहळू आत सोडलं.

आत्याबाईंनी भिंतीपाशी उभं राहून हात जोडले होते. "दूध पाजलं," त्या पुटपुटल्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, हे दूध नाही." त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी.

दोन्ही गुडघ्यांना तेच केलं. दोन दिवस पाय टेकायचा नाही, पुढेही जपून चालायचं, आणि हा गुण काही आठवडेच टिकतो, पुन्हा यावं लागेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं. उजव्या गुडघ्यातलं थोडं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून बूच लावलं. क्षय वगैरे नाही ना एवढी खात्री करायची, म्हणाले. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात तपासायला द्या. चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात गेली. बाटली आत्याबाईंनी हात पुढे करून घेतली.

परतीच्या गाडीत मी बाकावर पाय पसरून बसले होते. समोर आत्याबाई, मांडीवर बाटली, दोन्ही हात तिच्याभोवती. नवऱ्याला डुलकी लागली होती. मूर्तिजापूर गेलं आणि त्यांनी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. त्या कितीतरी वेळ बघत होत्या. मग त्यांनी ती माझ्याकडे वळवली.

अकोल्याला ते नुसतं पिवळं पाणी होतं. मी स्वतः पाहिलं होतं. आता त्यात काहीतरी बसलं होतं. पांढुरकं, लिबलिबीत, वर निमुळतं आणि खाली पसरलेलं. गाडी हिसका देत होती तसं पाणी हलत होतं, पण ते पाण्याबरोबर हलत नव्हतं. ते आपल्या वेळेनं, जरा उशिरा हलत होतं. सुजलेल्या सांध्यातलं पाणी बाहेर ठेवलं की असं साकळतं, त्यात विशेष काही नाही, हे मला पुढे त्याच डॉक्टरांनी सांगितलं. पण ते पुढे. त्या डब्यात मला सांगायला कोणी नव्हतं. माझे गुडघे रिकामे होते आणि त्यांच्यातलं जे होतं ते माझ्यासमोर माझ्या सासूच्या मांडीवर बसलं होतं. मी बडनेरा येईपर्यंत दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं बाटली मागितली तर आत्याबाई म्हणाल्या, "फुटली, बापू. टेसनावरच फुटली." तो चिडला, मग डॉक्टरांना पत्र टाकलं. गुण आला असेल तर बाटलीचं एवढं नडत नाही, असं उत्तर आलं.

आणि गुण आला होता. तिसऱ्या दिवशी मी पाय खाली टेकला आणि काहीच झालं नाही. दुखलं नाही, वाजलंही नाही. मी पाटावर बसले, उठले, पुन्हा बसले, लहान मुलीसारखी. वाटी परत दिसायला लागली होती. आठवड्यानं मी एकटी शाळेपर्यंत जाऊन आले, जपून चाला म्हटलेलं विसरून. दाखल्याची तारीख दहा दिवसांवर होती आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हे होणार.

आता मला चालताना आवाज होत नव्हता. याआधी मी येतेय हे घरात सगळ्यांना आधी कळायचं, पाय ओढल्याचं, भिंत धरल्याचं, सांधे वाजल्याचं. त्या दुपारी मी शेजारी गेले होते. लवकर परतले आणि दार ढकललं तरी आत्याबाईंना कळलं नाही.

त्या चुलीच्या खोलीत भिंतीशी बसल्या होत्या. लुगडं मांड्यांपर्यंत वर घेतलेलं. मी त्यांचे गुडघे कधी पाहिले नव्हते. ते सुकलेले, लहान, हाडाला कातडं चिकटलेले होते. बाजूला ती बाटली उघडी. त्या तळहातावर तिच्यातलं ओतून घेत होत्या आणि स्वतःच्या गुडघ्यांना चोळत होत्या. वरून खाली, मग गोल, मग वरून खाली. त्यातला तो पांढुरका गोळा त्यांनी उजव्या गुडघ्यावर ठेवला होता आणि त्यावर हात दाबून धरला होता. नासलेला वास खोलीभर होता. या वेळी मला सगळे शब्द ऐकू आले.

"ये माय. तिले सोडलं ना, आता माह्यात ये. तिचं काय नाई. तिचं काईच नव्हतं. माह्यात ये."

मी म्हटलं, "आत्याबाई, काय करताय?"

त्यांनी वर पाहिलं. दचकल्या नाहीत. हातही काढला नाही.

"तुले सांगाचं व्हतं," त्या म्हणाल्या. "नदीवर मले थंडी नव्हती वाजत. मले भेव वाटलं. जो सोडीन त्याले थे धरीन, हे मले ठाऊक व्हतं. म्हनून टोपलं तुह्या हाती देल्लं."

मी मागचं दार लोटून घेतलं.

"तू नवी व्हती. परक्याची पोर," त्या म्हणाल्या. "तवा एवढं वाटलं नाई."

दोन महिने दुपारभर त्या माझ्या पायाशी बसून देवीची पूजा करत होत्या असं मला वाटलं होतं. त्या तिला विनवत होत्या. हिला सोड, मला धर, एवढंच रोज. मावसबहिणीला त्यांनी यावर उपाय विचारला होता, तर ती बाई स्वतःचंच काम करून घेऊन गेली. मला राग यायला हवा होता. ज्या बाईनं जाणूनबुजून आपलं संकट माझ्या हातात दिलं तिच्यावर दुसरं काय यावं? आलाही असेल. पण मी खाली बसले, आता मला बसता येत होतं, आणि फडकं ओलं करून त्यांचे गुडघे पुसून काढले. साबणानं, पांढरे होईपर्यंत. त्या लहान मुलासारख्या पुसून घेत होत्या. "आली आसंल का वं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी बाटलीतलं उरलेलं मोरीत ओतलं आणि वर दोन घागरी पाणी टाकलं.

दाखला मला मिळाला. सरकारी डॉक्टरांनी उठवलं, बसवलं, चालवलं आणि सही केली. मी बाहेर येऊन झाडाखाली रडले. नवरा म्हणाला, मिळाला की, आता काय रडतेस?

सहाव्या आठवड्यात सूज परत आली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मी पुन्हा अकोल्याला गेले, पुढे वर्षातून दोन-तीनदा जात राहिले, आणि तशी शिकवत राहिले. पण पहिल्यांदा सूज परत आली त्या सकाळी आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो गरम लागला, आणि त्या माझ्यासमोर ज्या रडल्या तशा सासरे गेल्याचं सांगतानाही कधी रडल्या नव्हत्या. देवीनं त्यांचं ऐकलं नव्हतं. मी त्यांना सांध्यांच्या वाताविषयी सगळं समजावलं, पाटीवर चित्र काढून. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे पाय करून म्हणाल्या, "पाह्य बरं, गरम लागते का?"

ते रोजचं झालं. आठ वर्षं. नवरा अंघोळीला गेला की त्या पाय पुढे करायच्या, मी हात लावायची आणि म्हणायची, थंड आहेत. त्या लुगडं खाली घ्यायच्या. सत्तरीतही त्या दोन घागरी घेऊन सरळ चालत यायच्या. गल्लीतल्या म्हाताऱ्या त्यांच्या पायांचा हेवा करत. त्यांना मात्र त्या पायांची लाज वाटायची. एकदा म्हणाल्या, "मी आवडलो नाई तिले." मी त्यांचं लुगडं खाली ओढून दिलं.

सहासष्टच्या पावसाळ्यात त्यांना तापानं धरलं तो उतरलाच नाही. एका दुपारी नवरा औषध आणायला गेला होता. त्यांनी डोळे उघडले आणि पांघरुणाखालून पाय जरासा पुढे केला. शब्द कष्टानं फुटत होता, पण काय विचारायचं आहे ते मला ठाऊक होतं. मी हात लावला. सगळं अंगच तापलेलं, गुडघा वेगळा कसा राहील?

"गरम आहे, आत्याबाई," मी म्हटलं.

त्यांनी पुटपुटत विचारलं, "सुजला?"

"हो. बराच."

"दुखत काहून नाई मंग?"

"दुखेल," मी म्हटलं. "आत्ताच आलीय."

त्यांनी मग विचारलं, "आन तुह्ये?"

"माझे उतरले."

त्यांनी खात्री करायला हात पुढे केला. मी तो वाटेतच धरला आणि त्यांच्याच गुडघ्यावर ठेवला. त्यांनी तो तिथं दाबून पाहिला, बोटं वरून खाली फिरवली, आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान आलं ते मी त्याआधी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. हात तसाच ठेवून त्या झोपल्या. मी भिंत धरून कशीबशी उठले, कारण त्या आठवड्यात माझे दोन्ही गुडघे चांगलेच सुजलेले होते, आणि आवाज होऊ नये म्हणून पाय न वाकवता चुलीकडे गेले.